सोसायटीच्या ग्रुपवर साधा पाण्याचा मेसेज टाकला, १४३ रिप्लाय आणि दोन घरांचा अबोला. माझं लिहिताना नक्की काय चुकतंय?

सिंहगडरोडवाली

नमस्कार मंडळी, आधीच सांगते की लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी सिंहगड रोडला, ८४ फ्लॅट, तीन विंग. एप्रिलपासून सेक्रेटरी मी आहे, कारण आधीचे काका मुलाकडे बंगळुरूला गेले आणि त्या दिवशीच्या मीटिंगला मी वेळेवर पोचले, एवढीच माझी पात्रता. हिशेब, वॉचमनची रजा, लिफ्टवाल्याचा पाठपुरावा हे सगळं जमतंय हो, पण ग्रुपवर काही लिहिलं की हमखास राडा होतो. मी कोणाला वाईट बोलत नाही, शिव्या देत नाही, "नम्र विनंती" शिवाय सुरुवात करत नाही, तरी.

परवाचाच मेसेज जसाच्या तसा देते:

"सर्व सभासदांना नम्र विनंती. सध्याची पाण्याची परिस्थिती आपणा सर्वांना माहीतच आहे. वारंवार सांगूनही काही सभासद सहकार्य करत नाहीत ही खेदाची बाब आहे. कमिटी आपल्या परीने प्रयत्न करत आहे. उद्या पाणी येणार नाही तरी सर्वांनी योग्य ती काळजी घ्यावी. टँकरबाबत लवकरच कळवण्यात येईल."

हा मी बुधवारी रात्री ११:४० ला टाकला, कारण दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, मग मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट (थर्माकोलचा रायगड, विचारू नका). बी विंगच्या काकूंनी तो गुरुवारी सकाळी साडेसातला वाचला, "उद्या" म्हणजे शुक्रवार असं समजून निवांत वॉशिंग मशिन लावलं, नऊ वाजता वरची टाकी संपली आणि साबणातले कपडे मशिनमध्येच अडकले. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांना वाटलं "काही सभासद" म्हणजे आपणच, कारण मागच्या महिन्यात त्यांच्याकडे फ्लश रात्रभर वाहत होता आणि ते सगळ्यांना माहितीये. खरं सांगते, माझ्या डोक्यात तेव्हा ते नव्हतेच, गाड्या पाइपने धुणारे दोघं होते. मग टँकरचे पैसे कोण देणार, मग कमिटीने गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय केलं, मग कोणीतरी २०१७ सालचं पार्किंग काढलं. मध्येच एकांनी सुप्रभातचा गुलाब टाकला. दुपारपर्यंत १४३ मेसेज, दोघं ग्रुप सोडून गेले, काकू माझ्याशी लिफ्टमध्ये बोलत नाहीत.

मेसेज एडिट करायला गेले तर १५ मिनिटं कधीच उलटून गेलेली.

मला खरंच कळत नाहीये, मराठी तर बरी आहे माझी. काय चुकलं ते स्पष्ट सांगा, मी रागावणार नाही. शक्यतो.

---

पेठेतला काका

ताई, स्पष्ट सांगा म्हणालात म्हणून सांगतो, नाहीतरी आम्हाला तेवढंच येतं.

तुमच्या मेसेजमध्ये सहा वाक्यं आहेत आणि त्यातलं कामाचं वाक्य पाचवं आहे. त्यातही "उद्या". अहो "उद्या" हा शब्द तोंडाने बोलायचा आहे, लिहायचा नाही! समोरचा माणूस ज्या क्षणी ऐकतो त्याच क्षणी बोलणारा बोलत असतो म्हणून तो चालतो. लिहिलेलं कोण कधी वाचेल याचा पत्ता नाही. तुम्ही वीस मिनिटं उशीर केला असतात तर तुमचाच "उद्या" तुम्हालाही शुक्रवार झाला असता. तसंच "लवकरच", तसंच "योग्य ती काळजी". योग्य ती म्हणजे कोणती? बादली भरू, की गावाला जाऊ?

महापालिकेचं पाणी बंदचं प्रकटन पेपरात येतं ते कधी नीट बघा. कितीही रुक्ष असू दे, त्यात वार असतो, तारीख असते, पर्वती का वडगाव का लष्कर जलकेंद्र ते असतं, त्याखाली येणाऱ्या भागांची नावं असतात आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. त्या शेवटच्या वाक्याला मी फार मानतो. कारण पाणी बंद गुरुवारी असतं पण बायकांची खरी पंचाईत शुक्रवारी सकाळी होते, आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.

आता तुमचं दुसरं दुखणं, "काही सभासद". आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यावर माझ्या आजोबांनी पाटी लावली होती: "दार लोटले आहे, बंद नाही. ढकलावे. आत आल्यावर पुन्हा लोटावे." वर्षानुवर्षं ती पाटी होती, कोणी उगाच कडी वाजवली नाही, कोणी दार उघडं टाकलं नाही. मग आमच्या एका चुलत्यांना विनोदाचा झटका आला आणि त्यांनी खाली रंगाने एक ओळ वाढवली, "एवढे कळत नसेल तर येऊ नये." झालं. लोक यायचे, पाटी वाचायचे, हसायचे, एकमेकांना दाखवायचे आणि दार सताड उघडं टाकून आत यायचे. पुणेरी पाटीचं कौतुक करणारे सगळे त्या शेवटच्या ओळीचं कौतुक करतात, काम मात्र वरच्या तीन वाक्यांनी केलेलं असतं.

तुमची "खेदाची बाब" म्हणजे आमच्या चुलत्यांची ओळ आहे. ८४ घरांनी तीच वाचली.

---

हेल्पडेस्क_हिंजवडी

काकांचं वॉल्व्हवर बोट आहे 😀

मी ११ वर्षं आयटी सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे "चालत नाहीये" वाचायचे आणि नक्की काय चालत नाहीये ते काढून घ्यायचं. त्यामुळे दोन पैसे माझे पण.

ताई तुम्ही लिहिलंय "परिस्थिती आपणा सर्वांना माहीतच आहे". इथेच गेम होतो. तुम्हाला माहितीये कारण दिवसभर तुम्ही टँकरवाला, वॉचमन आणि पंपवाला यांच्याशी बोलताय. बाकीच्या ८३ घरांना त्यातलं काहीही माहीत नाही. १९९० साली स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन नावाच्या बाईंनी यावर एक मस्त प्रयोग केला होता, काही लोकांना ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला लावला आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली ३. कारण वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, चाल, शब्द, सगळं, आणि समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते. मी घरी करून बघितलं, डायनिंग टेबलावर गणपतीची आरती वाजवली, अगदी मन लावून. मुलगी म्हणाली "बाबा, ढोल पथक?"

तुमचा मेसेज म्हणजे ती टकटक आहे. हा मी बदलून लिहिलाय, आकडे अंदाजाने टाकलेत, तुमचे घाला:

"गुरुवार १२ तारखेला महापालिकेचं पाणी दिवसभर बंद आहे. आपल्या टाकीतलं पाणी त्या दिवशी फक्त सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ८ सोडणार. शुक्रवारी सकाळीही पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल, म्हणून गुरुवार आणि शुक्रवार सकाळ वॉशिंग मशिन लावू नका. बुधवारी रात्री पिण्याचं पाणी आणि दोन बादल्या भरून ठेवा. एक टँकर, १० हजार लिटर, गुरुवारी दुपारी येईल, खर्च मेंटेनन्समधून, वेगळे पैसे मागणार नाही. काही अडचण असेल तर फ्लॅट नंबर लिहून मला वेगळा मेसेज करा."

लांबीला तुमच्याहून मोठा आहे बरं का. लोक म्हणतात छोटा मेसेज लिहा, मला ते पटत नाही, माणसाला पुढचा प्रश्न विचारायला लागू नये एवढा लिहावा. तुमचा छोटा होता आणि त्यानेच १४३ प्रश्न तयार केले.

आणि गाड्या धुणाऱ्या दोघांना यात आणूच नका. त्यांना जाऊन सांगा. दोन माणसांची चूक ८४ घरांना वाचायला दिली की ज्याला लागायला नको त्याला लागते आणि ज्याला लागायला हवी तो लाइक करून पुढे जातो.

अजून एक, हे विचारणाऱ्यांसाठी. आमच्या सोसायटीत एकाने ग्रुपवर टाकलं "गच्चीची चावी कोणाकडे आहे?" बस एवढंच. मग तीन तास, चावी जोश्यांकडे, नाही आता वॉचमनकडे, गच्चीवर कशाला जायचंय, मागच्या वेळी तिथे पार्टी केली कोणी वगैरे. शेवटी कळलं त्याचं इंटरनेट बंद होतं आणि केबलवाला खाली ताटकळत उभा होता. अरे मग ते लिही ना! आमच्याकडे इंटरनेटचा डबा दुसऱ्या मजल्यावरच्या डक्टमध्ये आहे, गच्चीचा काही संबंधच नाही, आणि हे माहीत असलेले चार जण ग्रुपवर होते. त्याने त्याच्या मनातला उपाय विचारला, अडचण सांगितलीच नाही. सपोर्टला हे रोज बघतो. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांचा फोन, "फाईल बिघडली, व्हायरस काढायचं सॉफ्टवेअर सांग." अर्धा तास गेला तेव्हा निघालं की पुस्तकाचा मजकूर जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला, नातवाने आदल्या दिवशी कॉम्प्युटर फॉरमॅट केला, फॉन्ट उडाला आणि अक्षरांच्या जागी सगळी इंग्रजी खिचडी दिसायला लागली. व्हायरस नव्हता आणि फाईलपण ठणठणीत होती. "काल फॉरमॅट केला" हे तीन शब्द आधी आले असते तर दोन मिनिटांचं काम. पण ते त्यांना सांगण्यासारखं वाटलंच नाही.

---

पान्हा_हातात

मॅडम मी प्लंबर आहे, धायरीकडं काम असतं जास्त. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलं. मला दिवसाला वीस पंचवीस मेसेज येतात "नळ गळतोय लवकर या". सोबत फोटो असतो, फोटोत पूर्ण बाथरूम, नळ कुठंतरी कोपऱ्यात. आता मी काय घेऊन येऊ? नळ बंद केल्यावर तोटीतून थेंब पडत असेल तर आतला वॉशर नायतर कार्ट्रिज गेलेलं. नळ चालू केल्यावर मुठीच्या खालून पाणी येत असेल तर वरचं पॅकिंग. भिंतीतून जिथं नळ बाहेर येतो तिथं ओल असेल तर टेफ्लॉन टेप नायतर त्याहून वाईट, आतला एल्बो, मग टाइल फोडायची तयारी. तिन्हीला लोक "गळतोय" म्हणतात. मी एका सामानाच्या तयारीनं येतो, निघतं दुसरंच, मग परत दुकान, परत पेट्रोल, आणि गिऱ्हाईक म्हणतं दोन खेपांचे पैसे कशाला.

एक आज्जी आहेत आनंदनगरला, त्यांचा मेसेज कसा येतो बघा, मी जपून ठेवलाय: "स्वयंपाकघरातला सिंकचा नळ. बंद केला तरी थेंब पडतो, रात्रभरात अर्धी बादली. दोन वर्षांपूर्वी तूच बसवला. बाहेरचा कॉक फिरतो, मी बघितला. मी दुपारी १ ते ३ झोपते." आज्जी सातवी शिकलेल्या आहेत. एका खेपेत काम, कायम.

बाहेरचा कॉक फिरतो का हे तर इंजिनियर लोक पण बघत नाहीत. तो गंजून बसला असला तर आख्ख्या बिल्डिंगचं पाणी बंद करावं लागतं, मग परत तुमचा ग्रुप आणि परत भांडण.

---

पेठेतला काका

आनंदनगरच्या आजींना माझा नमस्कार सांगा. "मी दुपारी १ ते ३ झोपते" हे वाक्य या शहराच्या वेशीवर लावायला हवं.

---

बी_निगेटिव्ह

मी थोडी वेगळ्या अनुभवातून लिहिते. रक्तदात्यांच्या दोन तीन ग्रुपवर आहे, माझा गट बी निगेटिव्ह म्हणून फोन सारखे येतात.

"अर्जंट बी निगेटिव्ह रक्त हवे. छोट्या मुलीचे ऑपरेशन. कृपया पुढे पाठवा 🙏🙏" या एका मेसेजला मी गेल्या काही वर्षांत किती वेळा फोन लावलाय सांगता येत नाही. तारीख नाही, हॉस्पिटल नाही, कधीपर्यंत हवं ते नाही. नंबर लावला तर त्या मुलीचे बाबा उचलतात, अगदी थकलेल्या आवाजात सांगतात, ताई ती आता शाळेत जाते, कृपया पुढे पाठवू नका. त्यांचा नंबर अजून फिरतोय. तीन ओळी लिहिताना घाई झाली, घाई होणारच, मुलगी आत होती त्यांची. पण तारीख लिहिली असती तर तो मेसेज आपोआप जुना झाला असता.

आता आम्ही आमच्या ग्रुपला नियमच केलाय, तारीख आणि वेळ सगळ्यात वर, मग गट, किती पिशव्या, रक्त की प्लेटलेट (दोन्ही वेगळं, प्लेटलेट मशिनवर द्यायला तासभर किंवा जास्तच लागतो, माणूस सुट्टी काढून येतो), हॉस्पिटलचं नाव भागासकट, कारण एकाच नावाच्या दोन शाखा असल्या की माणूस चुकीच्या टोकाला जातो आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तिथून परत फिरणं म्हणजे काय ते तुम्हाला माहितीये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रक्त मिळालं की त्याच मेसेजला रिप्लाय करून "मिळालं, धन्यवाद" लिहायचं. हे शेवटचं कोणी करत नाही! मदत मागायला शंभर जण, मिळाली हे सांगायला दोन. मग पुढच्या वेळी फोन लावायचा हुरूप राहत नाही, खोटं कशाला बोलू.

ताई तुमच्या ग्रुपवर पण हे लागू आहे. टँकर आला की "टँकर आला, टाकी भरली, २:२०" एवढं टाका. तो एक मेसेज नसला की वीस जण विचारतात.

---

वाकडी_वाट

सगळे छान छान लिहितायत, मी जरा कडू लिहितो.

लिहिण्याच्या पद्धतीने अर्धंच काम होतं. बाकी अर्धं भांडण विश्वासाचं असतं. टँकर म्हणलं की लोक पैशावर का घसरले? कारण मागच्या कमिटीने (तुमची म्हणत नाही, आमची) वर्षभर टँकर मागवले आणि बिलं कोणी बघितलीच नाहीत. अशा ठिकाणी तुम्ही कितीही तारीखवार लिहा, लोक ओळींच्या मधलं वाचणारच. बिलाचा फोटो टाका, न मागता टाका. आणि वॉटरप्रूफिंग, पार्किंग असले विषय ग्रुपवर निघाले की उत्तरच देऊ नका, कारण तिथे ते सुटत नाहीत, मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि नोटीस १४ दिवस आधी, तर नोटीसमध्ये तो विषय लिहा आणि ग्रुपवर एकच ओळ, "हा विषय सभेत घेतलाय, क्रमांक ६." तिथे ज्याला बोलायचंय तो उभा राहून बोलेल, आणि उभं राहून बोलताना माणूस निम्मं बोलतो.

वेळ ठरवायची असेल, ६ ते ९ का ७ ते १०, तर चर्चा नको, पोल टाका.

दुसरं, ही जी उपरोधाची पुणेरी हौस आहे ना काका, ती समोरासमोर ठीक. २००५ साली अमेरिकेत क्रूगर आणि एपली वगैरे लोकांनी मोजलं होतं, ईमेलमध्ये लिहिलेलं टोमणा आहे का सरळ आहे हे समोरच्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना ७८ टक्के वेळा वाटलं, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात.

तिसरं, उत्तर देणाऱ्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये. चूक फक्त विचारणाऱ्याची असते का? एका ट्रेकच्या ग्रुपवर एका मुलीने व्यवस्थित विचारलं होतं, आई ५८, बाबा ६३, बाबांचा गुडघा थोडा दुखतो, राजगड बघायची त्यांची फार इच्छा आहे, पुण्याहून गाडीने जाणार, कुठल्या बाजूने चढू. यापेक्षा नीट प्रश्न असू शकत नाही. उत्तरं काय आली माहितीये? "गूगल करा." "तोरणा जास्त भारी आहे." "आम्ही कॉलेजला असताना दीड तासात." "राजगड नाही ताई, दुर्गराज राजगड म्हणा." एकाने "राजगडला" मधला ला जोडून लिहायचा का तोडून यावर व्याख्यान दिलं. चौतीस उत्तरांनंतर एका काकांनी सांगितलं की गुंजवण्याकडून चोरदरवाज्याची वाट जवळची आहे पण वरच्या टप्प्यात खडा कातळ आणि रेलिंग धरून चढायचं, गुडघ्याला ते नको, तुम्ही पाली दरवाज्याकडून जा, तिकडे पायऱ्या रुंद आहेत, भल्या सकाळी सुरू करा, उतरताना बाबांना काठी द्या. बास! चार ओळी. बाकी चौतीस जणांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं.

---

हेल्पडेस्क_हिंजवडी

@वाकडी_वाट "बाकी चौतीस जणांनी स्वतःबद्दल लिहिलं" हे मी ऑफिसला प्रिंट काढून लावणार.

शुद्धलेखनाचं मात्र एवढंही उडवू नका, अर्थ बदलत असेल तर सांगावंच. आमच्याकडे एकाने "पाणी सोडणार नाही" ऐवजी "पाणी सोडणार ना ही" टाइप केलं आणि अर्धी बिल्डिंग निवांत. पण ते सांगायचं असेल तर आधी उत्तर द्या आणि मग सांगा, किंवा सरळ त्यालाच वेगळा मेसेज.

---

पेठेतला काका

@वाकडी_वाट ५६ टक्के? मला वाटत होतं त्याहून बरंच जास्त आहे. (हा टोमणा आहे की नाही ते ओळखा.)

---

गोधडी

मध्येच बोलते. माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या, त्या ग्रुपवर आहेत पण बारीक अक्षर वाचता येत नाही, मोठं केलं की ओळी पळतात. आमच्या इथे सेक्रेटरी मेसेज लिहितात आणि त्याखाली तोच मजकूर स्वतः वाचून ४० सेकंदाचा आवाज टाकतात. इतर लोक पाच पाच मिनिटांचे व्हॉइस मेसेज टाकतात ते नको, त्यात कामाचं शोधायचं म्हणजे शिक्षा आहे, पण लिहिलेलंच वाचून दाखवलं तर सासूबाईंसारख्यांचं काम होतं. आणि लिफ्टच्या दारावर कागद लावाच. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पाण्याचं पहिलं त्या कागदावरून कळतं, त्या कुठल्या तुमच्या ग्रुपवर असायला?

---

सिंहगडरोडवाली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तीन आठवडे गायब होते, पुन्हा पाणी बंदचा गुरुवार यायची वाट बघत होते म्हणा.

मंगळवारी संध्याकाळी सातला टाकला यावेळी, हेल्पडेस्क दादांचा साचा, आकडे आमचे, "उद्या" एकदाही नाही. काकांचं ऐकून "खेद" काढला, काढताना हात थरथरला पण काढला. गोधडी ताईंचं ऐकून लिफ्टवर कागद, तिन्ही विंगला. गाडी धुणाऱ्यांपैकी एकाच्या घरी जाऊन आले, त्याने सॉरी म्हणून चहा दिला, दुसऱ्याने दार उघडलं नाही. टँकर आल्यावर वेळेसकट एक ओळ आणि बिलाचा फोटो.

एकूण ११ रिप्लाय. सहा अंगठे. एकांनी विचारलं १० हजार लिटरचा टँकर खरंच भरून आला होता का, तुम्ही बघितलं का. मी बघितलं नव्हतं, तसंच लिहिलं, पुढच्या वेळी वॉचमन झाकण उघडून बघेल. एकांनी पार्किंग काढलं, मी "सभेत, क्रमांक ४" एवढंच टाकलं, त्यांनी रागाचा चेहरा पाठवला आणि विषय तिथे थांबला, माझा विश्वासच बसेना. काकू अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत, पण बुधवारी रात्री त्यांच्या गॅलरीत दोन भरलेल्या बादल्या दिसल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्यांना मी वेगळा मेसेज केला की त्या दिवशीचं वाक्य तुमच्याबद्दल नव्हतं, कोणाबद्दल होतं ते सांगणार नाही पण तुमच्याबद्दल नव्हतं, आणि मला तसं लिहायला नको होतं. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, फ्लश पुन्हा वाहतोय, कोणी माहितीचा प्लंबर आहे का.

तर @पान्हा_हातात दादा, तुमच्या आज्जींसारखं विचारायचा प्रयत्न करते. बाहेरचा प्लॅस्टिकचा फ्लश टँक, भिंतीतला नाही. बटण दाबलं नसताना कमोडमध्ये मागच्या बाजूने बारीक धार सतत चालू. चारेक वर्षं जुना आहे. टँकच्या बाजूचा कॉक बंद केला की थोड्या वेळाने धार थांबते. काय असेल, आणि त्यांनी काय सामान आणून ठेवू?

---

पान्हा_हातात

एक नंबर विचारलंत मॅडम. एकच गोष्ट अजून बघायला सांगा. कॉक चालू ठेवून टँकचं वरचं झाकण काढायचं, आत मधोमध एक उभी नळी असते, पाणी त्या नळीच्या तोंडातून आत पडतंय का? पडत असेल तर बॉलकॉक पाणी थांबवत नाहीये. नळीच्या तोंडाच्या खालीच पाणी असेल आणि तरी धार असेल तर तळाचं रबर गेलेलं. दोन्हीची सामानं वेगळी आहेत, आधी आणू नका.

---

सिंहगडरोडवाली

आत्ता त्यांच्याकडे जाऊनच बघितलं, टॉर्च मारून. नळीच्या तोंडातून पडतंय.

---

पान्हा_हातात

मग बॉलकॉक. मी घेऊन येतो, शनिवारी ११ ला. विंग आणि फ्लॅट नंबर इथं टाकू नका, फोनवर सांगा. आणि बाजूचा तो कॉक फिरतो ते तुम्ही आधीच सांगितलंय, म्हणजे बिल्डिंगचं पाणी बंद करायचं काम नाही.